घरातल्या झाडाला मातीचीच कुंडी हवी, हा हट्ट कशासाठी?

पानवेडी
कुंडीचा विषय निघाला की सल्ला ठरलेला: "मातीचीच घ्या, प्लास्टिकमध्ये झाड गुदमरतं." उन्हातल्या गुलाबाबद्दल माझा वाद नाही. पण मॉन्स्टेरा, कॅलेथिया, पीस लिली ही मंडळी मूळची दमट वर्षावनातली. कॅलेथिया तर तिथे जमिनीलगत, सावलीत वाढते. तिची माती कोरडीठाक पडू द्या, पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्याच म्हणून समजा. मातीची कुंडी चहूबाजूंनी ओल शोषते आणि हवेत उडवते. मग अशा झाडाला तीच का? तळाला चार-पाच भोकं असलेली साधी प्लास्टिकची कुंडी घ्या, आणि दिसण्याची हौस असेल तर ती एखाद्या देखण्या भांड्यात ठेवा.

खापरपणजोबा
साफ असहमत. घरातली झाडं तहानेपेक्षा अतिपाण्यानेच जास्त जातात. मुळांना प्राणवायूही लागतो. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं कुजायला लागतात, आणि वरची पानं पिवळी पडेपर्यंत खालचा कारभार आटोपलेला असतो. सकाळी उठून तांब्या घेऊन फिरणाऱ्यांची झाडं मातीच्या कुंडीमुळेच तगतात. आणि सगळी ट्रॉपिकल झाडं एकाच माळेत कशाला ओवायची? स्नेक प्लांट, झीझी हीसुद्धा उष्ण प्रदेशातलीच. झीझीला मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात, त्यात ती पाणी साठवते. सतत ओली माती तिला शिक्षाच.

पानवेडी
झीझी आणि स्नेक प्लांट तुमचे, घ्या. पण रोज तांब्या ओतायची सवय मोडायची की कुंडी बदलायची? बोट दोन पेरं मातीत खुपसून बघावं. ओलं लागलं तर तांब्या खाली.

निचरामंत्री
दोघंही कुंडी कशाची यावर भांडताय, केवढी यावर कोणी बोलेना. खरा घोळ तिथे आहे. "एकदाच मोठी घेऊ, वाढेल त्यात" म्हणत चार इंची कुंडीतलं रोप थेट दहा इंचीत जातं. मुळं मधोमध मूठभर. भोवतालच्या मातीतलं पाणी ओढायला कोणीच नाही, त्यामुळे ती ओलीच राहते. मग कुंडी मातीची असो वा प्लास्टिकची, मुळं कुजायचा धोका आहेच. नवी कुंडी आधीच्यापेक्षा व्यासाने एक-दोन इंच मोठी, बस्स. तीसुद्धा गरज असेल तर. झाड अलगद उपसून बघा: मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील, भोकातून डोकावत असतील तर बदला. नाहीतर आहे तिथेच राहू दे.

हौशी_माळी
मधेच विचारतो. सिरॅमिकची सुंदर कुंडी आहे, पण तिला भोक नाही. तळाला खडी किंवा विटांचे तुकडे घातले तर निचरा होईल ना? सगळे तेच सांगतात.

निचरामंत्री
नाही होणार. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते, ते खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. कुंडीच्या तळाशी राहणारा चिंब थर खडीमुळे उलट वर सरकतो, मुळांच्या जवळ. शिवाय भोकच नाही, म्हणजे खडीत उतरलेलं पाणीही तिथेच मुरणार. ती कुंडी बाहेरचं भांडं म्हणून वापरा आणि त्यात साचलेलं पाणी ओतून टाकत जा. रच्याकने, उथळ कुंडीतही हाच प्रकार: चिंब थर तेवढाच, पण एकूण मातीत त्याचा वाटा मोठा.

खापरपणजोबा
भोकावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवणं वेगळं आणि दोन इंच खडी भरणं वेगळं. तुकडा मी ठेवणारच, माती वाहून जात नाही. बाकी पानवेडी ताई, मॉसच्या (शेवाळ गुंडाळलेल्या) काठीवर चढलेला मॉन्स्टेरा तुमच्या हलक्या प्लास्टिकमध्ये उभा राहतो का? एका बाजूला नवं पान फुटलं की कलंडला.

पानवेडी
म्हणून तर बाहेरचं भांडं जड घ्यायचं! आणि तुमच्या कुंडीच्या आतल्या भिंतीला मुळं घट्ट चिकटतात, कुंडी बदलताना तुटतात, त्याचं काय?

खापरपणजोबा
आदल्या दिवशी पाणी द्या, कडेने पातळ सुरी फिरवा. चार-दोन मुळं तुटली म्हणून मॉन्स्टेरा मरत नाही.