अनुभव धागा: ल्युबरों, दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातली गावं

रानजाई
कपाट आवरताना लॅव्हेंडरची जुनी पुरचुंडी उसवली, घरभर वास सुटला आणि ल्युबरों आठवलं. गोर्द, रुसियों, बोन्यो, लाकोस्त, मेनेर्ब... जाऊन आलेल्यांनी लिहा, पण ‘किती सुंदर’ नको, उपयोगाचं लिहा.

सुरुवात मी करते. तिथे गाव आधी ठरवू नका, वार आधी बघा. बाजार मंगळवारी गोर्दला, गुरुवारी रुसियोंला, शुक्रवारी लूर्मारां आणि बोन्योला, शनिवारी आप्तला. आप्तचा सगळ्यात मोठा, नऊच्या आत पोचा. साडेबाराला ताडपत्र्या गुंडाळायला लागतात. नुसतं गाव बघायचं असेल तर नेमका बाजारचा वार टाळा, गाडी लावायला जागा मिळत नाही.

सेनांकचा मठ (स्थापना 1148) आणि पुढ्यातली लॅव्हेंडरची जांभळी रांग हवी असेल तर जूनअखेर ते जुलैचा मध्य. ऑगस्टमध्ये नुसती खुंटं दिसतात. मठात भिक्षू अजून राहतात, खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

घाटवाट
गाडीशिवाय जमतं का, हे विचारणारे येतीलच. आविन्यों ते आप्त बस आहे, पण ती खालच्या दरीतल्या मुख्य रस्त्यानं जाते आणि गावं वर. म्हणजे बसमधून उतरून चढ. गाडी भाड्यानं घ्याच. बुक करताना बघा:

आविन्योंला दोन स्टेशनं आहेत, टीजीव्हीचं, म्हणजे वेगवान रेल्वेचं, गावाबाहेर आणि सेंत्र गावात. भाड्याची गाडी कुठल्या स्टेशनवर मिळणार ते वाचा. ऑटोमॅटिक हवी तर आधी सांगा, नाहीतर गियरचीच देतात. परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परमिट ठेवा.

पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. पेट्रोल ‘सां प्लों’. रविवारी पंपावर माणूस नसतो, मशीनला चिपचं, पिन असलेलं कार्ड लागतं आणि आपली काही कार्डं ते नाकारतं. शनिवारीच टाकी भरा.

गावाच्या आत गाडी घालू नका, जीपीएस कितीही म्हणो. गल्ली पुढे इतकी निमुळती होते की आरसे मिटून रिव्हर्स यावं लागतं. खाली पैसे देऊन लावा, वर चालत जा. निळ्या रेघांत लावली तर काचेमागे गाडी कधी लावली ती वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची तबकडी हवी. आणि पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, तो थांबणार नाही.

निवांत_कावळा
आरसे मिटून रिव्हर्स! तुळशीबागेत गाडी घातलेल्यांना काय त्याचं 😄
(धाग्याशी संबंध नाही, पण रानजाई, ती पुरचुंडी पुन्हा शिवायची की फेकायची?)

पोळपाट_लाटणं
शिवा हो, हातानं चुरगाळली की वास पुन्हा येतो. कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो लिहून घेते.

शाकाहारी मंडळी, तापनाद दिसायला निव्वळ ऑलिव्हची चटणी, पण तिच्यात अँचोव्ही मासा वाटलेला असतो. फुगास पावात बरेचदा ‘लार्दों’, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे. सूप ओ पिस्तू भाज्या, घेवडा आणि बेसिलचं, पण काही जण हाडाचा रस्सा घालतात. नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही, ‘सां व्यांद, सां प्वासों, सां लार्दों’ (मांस नको, मासा नको, लार्दों नको) असं सगळं म्हणा. रातातुई, म्हणजे वांगी-टोमॅटोची मिश्र भाजी, बिनधास्त. बानोंचं चीज चेस्टनटच्या पानांत गुंडाळून राफियानं बांधलेलं येतं, चव मस्त, पण त्यात प्राण्याचं रेनेट (दूध फाडायला वासराच्या वगैरे जठरातून काढलेलं विरजण) असतं. कडक पाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आणि दोन वाजता स्वयंपाकघर बंद म्हणजे बंद. पावणेदोनला पोचलात तरी नाक मुरडतील. दुकानात शिरताना आधी ‘बोंजूर’, मग प्रश्न. उलटं केलंत तर उत्तर तुटक मिळतं.

रंगारी
रुसियोंच्या गेरूबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून.

तिथल्या डोंगरात निखळ गेरू नसतो, बहुतेक वाळूच असते आणि लोह असलेली बारीक माती तिला चिकटलेली. कारखान्यात काम असं चालायचं: हिवाळ्यात माल पाण्याच्या झोतानं धुवायचा. जड वाळू चरांत तळाशी बसते, रंगीत पाणी पुढे हौदांत जातं. गाळ बसला की वरचं नितळ पाणी सोडायचं, पुन्हा भरायचं, असे थरावर थर. उन्हाळ्यात गाळ घट्ट झाला की विटा कापून वाऱ्यावर वाळवायच्या. पिवळी माती भट्टीत भाजली की लाल होते, कारण तिच्या लोहखनिजातलं पाणी निघून जातं. जुना माथ्यू कारखाना बघता येतो, तिथले हौद चुकवू नका.

गेरूच्या वाटेला तिकीट आहे. छोटा फेरा अर्ध्या तासाचा, मोठा तासाभराचा. पाऊस असेल तर बंद ठेवतात. माती खिशात घालून आणायला मनाई आहे. पांढरे बूट नकोत.

सुतारपक्षी
गोर्दजवळच्या बोरी, म्हणजे दगडी झोपड्या. चुना नाही, माती नाही, नुसत्या चपट्या चुनखडीच्या फरश्या. आत जाऊन वर बघा, प्रत्येक थर खालच्यापेक्षा बोट-दोन बोटं आत सरकवलेला आहे. शेवटी भोक एवढंसं उरतं की एक फरशी पुरते. आता बाहेरून निरखा, दगड किंचित बाहेरच्या बाजूला उतरते बसवलेत. म्हणून पाऊस आत झिरपत नाही. लोक फोटो काढून पाच मिनिटांत निघतात, वाईट वाटतं.

घंटाघरांचे लोखंडी पिंजरेही बघा. मिस्त्राल वारा आरपार जावा म्हणून तसे.

अनुस्वार
रानजाईताई, एक भर. सखल भागात, वालांसोलकडे वगैरे दिसतं ते बहुतेक लावांदां, म्हणजे संकरित. एका दांड्याला तीन फाटे. खरं लॅव्हेंडर साधारण 800 मीटरच्या वर, एक दांडा एक तुरा. जुलैअखेर जाणाऱ्यांनी ‘सो’च्या पठारावर जावं, तिथे कापणी उशिरा. बाजार बुधवारी.

घाटवाट
चालणाऱ्यांसाठी राहिलंच. पांढरी-लाल पट्टी म्हणजे लांब पल्ल्याची वाट, पिवळी म्हणजे स्थानिक, फुली दिसली तर वाट चुकली. नकाशा 1:25,000 चा घ्या, 4 सेंमी म्हणजे 1 किमी. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यानं जंगलाच्या वाटा बंद होतात. दुसऱ्या दिवशीचा नकाशा प्रशासन आदल्या संध्याकाळी टाकतं, तो बघूनच डबा बांधा. कारंज्यावर ‘नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

सायकलवाल्यांनी पों ज्युलियां बघा. रोमनांचा तीन कमानींचा पूल, त्यावरून 2005 पर्यंत मोटारी जात होत्या.

पोळपाट_लाटणं
आईंना न्यायचं आहे, गुडघे दुखतात. कुठलं गाव सोपं?

सुतारपक्षी
लूर्मारां. सपाटीला आहे, कॅफे भरपूर, लेखक आल्बेर काम्यूची कबर गावाबाहेरच्या दफनभूमीत, चालत जाता येतं. ओपेद-ल-व्ह्यो मात्र नको. गाडी खाली, चढ बराच, वर पडक्या भिंती आणि गुळगुळीत गोटे.

निवांत_कावळा
रंगारी, गेरूचा डाग निघतो का? मित्राचा प्रश्न आहे.

रंगारी
मित्राला सांगा, ओला असताना चोळू नको. पूर्ण वाळू दे, कोरड्या ब्रशनं झटक, मग गार पाणी. ब्लीच नको, लोहाचा डाग त्यानं जात नाही. लिंबू आणि मीठ लावून बघायला हरकत नाही, पण रंगीत कपड्यावर आधी कोपऱ्यात.