मदत हवी आहे: मुंबईत उतरताना फ्लाइट सिम्युलेटर झटके खातो. प्रोसेसर बदलू, ग्राफिक्स कार्ड बदलू की अख्खी मशीनच?

सेलूकर_वाइंडर:

नमस्कार मंडळी,

मी सेलूचा, जिल्हा परभणी. मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटारी जळून येतात, त्या बांधून देतो. त्यामुळे तार, व्होल्टेज, फेज यातलं कळतं. कॉम्प्युटरच्या पार्टमधलं दुकानदार सांगेल तेवढंच. आणि या वेळी तीन दुकानदारांनी तीन गोष्टी सांगितल्यात. जरा सविस्तर लिहितो, सांभाळून घ्या.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आत्याकडं मुकुंदवाडीला राहायचो. चिकलठाण्याचं विमानतळ तिथून जवळच. मुंबईचं विमान उतरायला लागलं की आम्ही पोरं जेवणावरून उठून गच्चीवर पळायचो. पायलट होणं परिस्थितीत बसलं नाही. पण २०२१ मध्ये कॉम्प्युटर घेतला, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० (घरबसल्या विमान उडवायचा खेळ) टाकला, आणि तेव्हापासून दुकान बंद केल्यावर रात्री एक फेरी ठरलेली: चिकलठाणा ते मुंबई. सरळ रेषेत साधारण २८० किलोमीटर. संगमनेर मागं पडतं, हरिश्चंद्रगडाच्या आसपास सह्याद्री ओलांडला की खाली कोकण उघडतं. इथपर्यंत सगळं सुरळीत.

त्रास पुढं आहे. घाटकोपरच्या बाजूनं २७ नंबरच्या धावपट्टीकडं वळलो की खाली घरंच घरं, आणि चित्र अडखळायला लागतं. शेवटच्या तीनशे फुटांत तर नुसते झटके. नाक हलकं उचलून चाकं टेकवायची ती वेळ अर्ध्या सेकंदाची असते, आणि नेमकं तेव्हाच चित्र थांबतं. मी जॉयस्टिक ओढलेली असते, पण पडद्यावर ते उशिरा दिसतं, म्हणून मी आणखी ओढतो. दोन वर्षं झाली, मुंबईत मनासारखं उतरता आलेलं नाही. चिकलठाण्याला रात्रीसुद्धा व्यवस्थित उतरतो, म्हणजे हात चुकत नाही एवढं नक्की.

माझी मशीन: रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६६० सुपर ६ जीबी कार्ड. मॉनिटर साधा १०८०पी, ६० हर्ट्झचा. विंडोज २४० जीबीच्या एसएसडीवर, सिम्युलेटर १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) ४५० वॉटचा, मशीनसोबत आलेला. इंटरनेट फायबर, ५० एमबीपीएसचं.

एक दुकानदार म्हणतो, हे सगळं विका आणि नवीन मशीन घ्या. दुसरा म्हणतो, फक्त ८ जीबीचं नवं कार्ड टाका, पळेल. तिसरा म्हणतो, रॅम ३२ करा. माझ्याकडं सोयाबीनचे आणि दुकानातून बाजूला ठेवलेले मिळून ८०,००० रुपये आहेत. हे पैसे पुन्हा लवकर जमणार नाहीत, म्हणून एकदाच आणि बरोबर ठिकाणी घालायचेत. पुढं सिम्युलेटरची २०२४ ची आवृत्तीही घ्यायचा विचार आहे.

विजेचं सांगतो. संध्याकाळी सातला घरात १८५ व्होल्ट मोजलेत, रात्री बारानंतर २४८. अर्थिंग मी स्वतः केलंय, ते पक्कं आहे. इन्व्हर्टर साधा स्क्वेअर वेव्हचा. लाइट गेली की मशीन कधी टिकते, कधी रीस्टार्ट होते.

गोदाकाठ_नांदेड:

दादा, पैसे खिशात ठेवा आणि आधी मोजा. तुम्ही मोटार उघडण्याआधी मीटर लावताच ना, तसंच.

सिम्युलेटरच्या जनरल ऑप्शन्समध्ये डेव्हलपर मोड आहे, तो सुरू करा. वरच्या पट्टीतून फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात त्याचा) आकडा दाखवणारी खिडकी उघडा. त्यात स्पष्ट लिहून येतं: ‘लिमिटेड बाय जीपीयू’ म्हणजे कार्ड कमी पडतंय, ‘लिमिटेड बाय मेन थ्रेड’ म्हणजे प्रोसेसर. हरिश्चंद्रगडावर एकदा बघा आणि घाटकोपरवर एकदा.

मेन थ्रेडचं असं आहे की खुरपणीला बारा माणसं लावता येतात, पण तिफण एकालाच धरावी लागते. विमानाचं गणित, यंत्रणा, कुठली घरं कधी उभी करायची याचा बराच हिशोब एकाच धाग्यावर चालतो. तुमच्या प्रोसेसरला १२ थ्रेड आहेत, पण तो एक दमला की बाकीचे वाट बघत बसतात. कार्ड कितीही भारी टाका, तेही वाटच बघणार.

आणखी एक करा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर जाऊन वेग किती आणि किती स्लॉट वापरात आहेत ते बघा. २०२१ मधल्या तयार मशीनमध्ये बऱ्याचदा एकच कांडी टाकून देतात.

सेलूकर_वाइंडर:

मोजलं. हरिश्चंद्रगडावर ४१ फ्रेम, लिमिटेड बाय जीपीयू. घाटकोपरवर १७ ते १९, लिमिटेड बाय मेन थ्रेड, आकडा ५४ मिलिसेकंद. रेझोल्युशन कमी करून पाहिलं, मुंबईत फ्रेम एकानंही वाढली नाही.

रॅमचं तुमचं बरोबर निघालं. १६ जीबीची एकच कांडी, आणि वेग २४००. कांडीवर मात्र ३२०० छापलंय! चार वर्षं अशीच चालवली. ग्राहकाची मोटार मी अशी बांधून दिली असती तर झोप लागली नसती.

बालाघाटी:

अंबाजोगाईहून नमस्कार. रेझोल्युशन उतरवून फ्रेम वाढली नाही, म्हणजे प्रश्न प्रोसेसरचाच. दुसऱ्या दुकानदाराचं ऐकलं असतं तर मुंबईत काडीचा फरक पडला नसता.

आधी स्वस्तातलं. तशीच दुसरी १६ जीबीची कांडी घ्या. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरा, म्हणजे ड्युअल चॅनल होईल (दोन्ही कांड्यांतून एकाच वेळी डेटा जाईल). मग बायोसमध्ये (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी (रॅमला छापील वेग देणारी सेटिंग) सुरू करा. पण २६०० ला रॅमचा २९३३ पर्यंतचाच वेग अधिकृत आहे, तिथंच ठेवा. सिम्युलेटर हार्ड डिस्कवरून काढून एनव्हीएमई एसएसडीवर (बोर्डात थेट बसणाऱ्या वेगवान डिस्कवर) न्या.

आता मुख्य गोष्ट. तुमचा मदरबोर्ड फेकायचा नाही. बी४५० वर बायोस अपडेट करून रायझन ५००० मालिका चालते, आणि त्यातले एक्स३डी प्रोसेसर याच कामासाठी सोनं आहेत. २६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी. ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी मध्ये ९६ एमबी. सिम्युलेटरला दर फ्रेमला हजार ठिकाणचा डेटा लागतो. तो कॅशमध्ये नसला की रॅमपर्यंत जावं लागतं, आणि प्रोसेसरच्या हिशोबानं ते फार लांब आहे. लागणारी तार हाताशी मांडणीवर असणं आणि दर वेटोळ्याला गोदामात जाणं, एवढा फरक. ५७००एक्स३डी चा वेग ५८००एक्स३डी पेक्षा कमी आहे, ४.१ विरुद्ध ४.५ गिगाहर्ट्झ, पण कॅश तेवढीच.

अडचण एकच. दोन्हींचं उत्पादन थांबलंय, त्यामुळे शिल्लक माल किंवा वापरलेला शोधावा लागेल. संभाजीनगरात फिरा, पुण्यात विचारा. नाहीच मिळाला तर साधा ५७००एक्स घ्या. २६०० पेक्षा तोही बराच पुढं आहे, पण मुंबईत एक्स३डी इतका दिलासा देणार नाही. अख्खी मशीन नवीन घ्यायची तर एएम५ या नव्या सॉकेटवरचा ७८००एक्स३डी हाच रस्ता, आणि तो बोर्ड, डीडीआर५, कार्ड धरून ८०,००० त बसत नाही.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच करा. आणि तेव्हा लाइट जाता कामा नये. अपडेटच्या मध्ये वीज गेली तर बोर्ड मरू शकतो.

विमानवेडी_लातूर:

दादा, बालाघाटी दादांनी प्रोसेसरचं सांगितलंय, मी कार्डाचं सांगते, कारण मी यात फसले आहे. ८ जीबीचं कार्ड घेतलं आणि १४४०पी मॉनिटर. एअरबस घेऊन मोठ्या विमानतळावर गेले की कार्डाची मेमरी भरायची आणि ३५ वरून एकदम ९ फ्रेम. सेटिंग उतरवून उतरवून कंटाळले.

तुमच्या बोर्डावर आणखी एक मेख आहे. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि बोर्ड जोडणारा रस्ता) ३.० आहे. आरटीएक्स ४०६० किंवा ५०६० टीआय ही कार्डं आठच लेन वापरतात. मेमरी पुरत असेल तोवर फारसं जाणवत नाही, पण ८ जीबी भरून डेटा रॅमकडं वळला की तो रस्ता अरुंद पडतो. म्हणून घ्यायचंच असेल तर ५०६० टीआय १६ जीबीचं घ्या, ८ जीबीचं अजिबात नको. नावात फरक नाही, डब्यावर मेमरी वाचून घ्या. २०२४ च्या आवृत्तीची शिफारसच ३२ जीबी रॅम आणि ८ जीबी व्हीरॅमची (कार्डावरच्या मेमरीची) आहे, आणि ‘आयडियल’ यादीत ६४ जीबी रॅम, १२ जीबी व्हीरॅम.

दुकानदार फ्रेम जनरेशन दाखवून भुलवतील. त्यानं मधल्या फ्रेम तयार होतात, आकडा दुप्पट दिसतो, पण मेन थ्रेड तेवढाच हळू राहतो. १८ ची ३६ झाली तरी जॉयस्टिकला उत्तर १८ चंच मिळतं. तुमची तक्रार नेमकी उतरतानाच्या उशिराची आहे, तिथं त्याचा उपयोग नाही.

आज रात्री फुकटात करून बघा: टेरेन लेव्हल ऑफ डिटेल (खालची जमीन किती बारकाईनं दाखवायची ते) १०० वर आणा, विमानतळावरच्या गाड्या आणि इतर विमानं कमी करा. हे सगळं मेन थ्रेडच्या डोक्यावरचं ओझं आहे. ढग आणि सावल्या कार्डाकडं असतात, त्या कमी करून मुंबईत काही मिळणार नाही. आणि ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर फ्रेम ३० ला बांधा. २५ ते ४५ च्या मध्ये उड्या मारण्यापेक्षा बांधलेली ३० डोळ्याला खूप शांत वाटते. प्रत्येक फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळेत मेन थ्रेडचं काम आटपलं पाहिजे, एवढंच तुमचं ध्येय.

गोदाकाठ_नांदेड:

विजेचं राहिलं. तो ४५० वॉटचा एसएमपीएस आधी काढा. चांगला ६५० वॉटचा घ्या, पुढं १८० वॉटचं ५०६० टीआय आलं तरी पुरतो. नवीन एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असतं आणि स्क्वेअर वेव्हवर त्यातले काही तडकाफडकी बंद पडतात. म्हणून प्युअर साइन वेव्हचा वेगळा यूपीएस हवा. डब्यावर १ केव्हीए असलं तरी मागच्या पट्टीवरचा वॉटचा आकडा वाचा. पॉवर फॅक्टर तुम्हाला सांगायला नको.

आणि मशीन कूलरच्या थेट वाऱ्यात ठेवू नका. आपल्याकडं मे महिन्यात खोलीच ४० ला असते म्हणून लोक कूलर कॅबिनेटवर सोडतात. ओलावा आणि धूळ मिळून आत चिखल होतो. जाळीदार तोंडाचं कॅबिनेट, पुढं दोन पंखे आत ओढणारे, मागं एक बाहेर टाकणारा, आणि महिन्याला ब्लोअर. तुमच्या दुकानात ब्लोअर असेलच.

सेलूकर_वाइंडर:

मंडळी, सहा आठवड्यांनी लिहितोय, कारण एकेक गोष्ट बदलून प्रत्येक वेळी मोजलं. कोणामुळं किती फरक पडला ते कळायला हवं होतं.

दुसरी कांडी आणि २९३३: घाटकोपरवर १८ ची २३ फ्रेम, मेन थ्रेड ५४ वरून ४३ मिलिसेकंद. ताईंनी सांगितलेली सेटिंग: ३७ मिलिसेकंद. एनव्हीएमईवर नेल्यानं फ्रेम वाढली नाही, पण उड्डाण लोड व्हायला लागणारा वेळ निम्म्याच्या खाली आला, आणि अधूनमधून बसणारा मोठा झटका गेला.

मग प्रोसेसर. संभाजीनगरात दोन दिवस फिरलो, शेवटी एका दुकानात ५७००एक्स३डी चा सीलबंद डबा मिळाला. त्यासोबत पंखा येत नाही हे तिथं गेल्यावर कळलं, म्हणून टॉवर कूलर वेगळा घेतला. नवा यूपीएस आधी बसवला आणि बायोस अपडेट त्याच्यावर केलं. अपडेट चालू असताना सेलूत लाइट गेलीच, तीन मिनिटं. बालाघाटी दादा, तुमचे उपकार आहेत. नंतर रॅम ३२०० वर नेली.

आता घाटकोपरवर मेन थ्रेड २७ मिलिसेकंद, आणि खिडकीत पहिल्यांदाच मुंबईवर ‘लिमिटेड बाय जीपीयू’ दिसलं. ३० ला बांधलंय. ३० म्हणजे ३०, धावपट्टीच्या टोकापर्यंत हलत नाही.

कार्ड आत्ता घेत नाही. १०८०पी वर १६६० सुपर ३० देतंय तोवर देऊ दे. ८०,००० पैकी निम्म्याहून थोडे जास्तच शिल्लक आहेत, ते १६ जीबीच्या कार्डासाठी बाजूला.

परवा रात्री साडेदहाला चिकलठाण्याहून निघालो. मुंबईत २७ ला पन्नास फुटांवर नाक उचललं आणि ते उचललेलं त्याच क्षणी दिसलं. टेकताना मिनिटाला १४० फूट. आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, आता आमच्या गच्चीवरून कधी न्यायलास?