आईबाबांसोबत नाशिकच्या द्राक्षबागा आणि वायनरी, दोन दिवसांत काय बघावं?

मुलुंडकर
नमस्कार मंडळी, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन दोन दिवस नाशिकला जायचं ठरतंय. बाबा ७१ वर्षांचे, बँकेतून रिटायर, इतिहास म्हटलं की तासन्‌तास बोलतील. आई घेत नाही पण शेती, झाडं तिचा जीव की प्राण. मी याआधी एकदाच ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलो होतो, तेव्हा बसमधून उतरलो, चार ग्लास चाखले, फोटो काढले, परत बसमध्ये, द्राक्षाची वेल हात लावून बघितली नाही याची अजून खंत वाटते. यावेळी नीट बघायचंय. कुठल्या वायनरीत जावं, तिथला इतिहास काय, आईला कंटाळा येणार नाही असं काय आहे, आणि गाडी न्यावी की ट्रेन? सांगा प्लीज.

निफाडची लेक
दादा, सगळ्यात आधी सांगते, तुम्ही महिना अगदी बरोबर निवडलाय. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यातून काडी, म्हणजे पुढे फळ धरणारी फांदी, तयार होते, मग सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर घड येतात, आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्च चालते. म्हणजे फेब्रुवारीत माल वेलीवर पण असतो आणि वायनरीत मशीन पण चालू असतात. मे-जूनमध्ये गेलात तर नुसता पाला बघून याल.

माझं माहेर निफाड तालुक्यात, आता राहते कांदिवलीला, पण आमची बाग अजून आहे. आईंना एक गोष्ट नक्की दाखवा, खायची द्राक्षं आणि वाइनची द्राक्षं शेजारी शेजारी ठेवून. थॉमसन, सोनाका ही खायची, त्यांची विरळणी करतात, मणी फुगवायला घड जीएच्या (जिबरेलिक ॲसिड) द्रावणात बुडवतात, मणी कसा लांब, टपोरा, साल पातळ. वाइनचा शिराझ किंवा कॅबरने बघा, मणी जेमतेम वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया, चावला की आधी गोड मग जिभेला तुरट लागतो. ती साल म्हणजेच रेड वाइनचा रंग, रस तर बहुतेक लाल द्राक्षांचा पण पांढराच असतो, सालींसकट आंबवला की रंग उतरतो. काढणीच्या वेळी माणसं पहाटेच बागेत असतात कारण ऊन चढायच्या आत गार माल क्रेटमध्ये भरून आत गेला पाहिजे. कुणी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन उभा असेल तर बघायला मागा, काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचं, साखर किती ते आत दिसतं. माझ्या आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती दहा मिनिटं सोडायलाच तयार नव्हती.

म्हणून माझं म्हणणं एकच, दोन दिवसांत दोनच वायनरी करा आणि बुकिंग करताना स्पष्ट विचारा की बागेतून चालत नेणार का. टेस्टिंग रूम मुंबईत पण सापडेल, बाग नाही सापडणार.

सह्याद्रीवेडा
बाबांसाठी इतिहास मी सांगतो. महाराष्ट्रातली आधुनिक वाइन सुरू झाली ती नाशिकला नाही तर नारायणगावला, श्यामराव चौगुल्यांनी तिथे ऐंशीच्या दशकात फ्रेंच पद्धतीने स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, वाइन काढली, ती ओमर खय्याम नावाने परदेशात जायची. नाशिक जिल्हा तोवर मुख्यतः खायच्या द्राक्षांचा. मग राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीवर आले, आधी त्यांनीही आंबा आणि थॉमसन लावून बघितलं, मग १९९७ च्या सुमारास सोविन्यो ब्लां आणि शेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षांच्या जाती लावल्या, २००० साली त्यांच्या सुला वायनरीच्या पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. सुला हे नाव त्यांच्या आईच्या सुलभा या नावावरून. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, करात सवलत मिळाली, निफाडजवळ विंचूरला वाइन पार्क झाला आणि वायनऱ्या भराभर वाढल्या.

पण बाबांना पांडवलेणी चुकवू देऊ नका. मुंबईहून जाताना शहराच्या आधीच हायवेला लागून आहेत. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, मुलाच्या पराक्रमाचं वर्णन आईने कोरून घेतलेलं, मला दरवेळी तिथे भरून येतं. आणि वाइनशी संबंध म्हणाल तर त्याच काळात भडोच बंदरात रोमन वाइन उतरायची, नेवाशाच्या उत्खननात रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळालेत. पायऱ्या भरपूर आहेत, ७१ वय म्हणजे ऊन उतरल्यावर, थांबत थांबत चढा, पाणी जवळ ठेवा.

निफाडची लेक
@सह्याद्रीवेडा छान लिहिलंत, पण वाढल्या त्या सगळ्या टिकल्या नाहीत हेही बाबांना सांगा. २००८-०९ च्या मंदीत मागणी कोसळली आणि कित्येक शेतकऱ्यांनी वाइनची बाग उपटून परत थॉमसन लावली. आमच्या काकांचा दोन हंगामांचा माल एका वायनरीकडे गेला, पैसे वर्षानुवर्षं अडकले, शेवटी जेवढे मिळाले तेवढे घेऊन बाकीच्यांवर पाणी सोडलं. ज्या दिवशी जेसीबी लावून वेली काढल्या त्या दिवशी काका घरात बसून होते, बाहेर आलेच नाहीत. वेल लावल्यापासून दोन-तीन वर्षं नुसती वाढवावी लागते हो, मंडपाचा खर्च वेगळा. म्हणून जिथे करार करून शेतकऱ्याला वेळेवर पैसे देतात तिथल्या बाटलीला मी मनापासून हात लावते.

ठाणेकर_७७
वायनरीचं सांगतो. मुंबईहून जाताना इगतपुरीजवळ संजेगावला व्हॅलोने आहे, मुकणे धरणाच्या काठावर, छोटी आणि निवांत, गर्दी नको असेल तर हीच. जेवणासकट आधी बुक करा, जागा मोजकी असते. दुसऱ्या दिवशी गंगापूर रोडला सुला आणि जवळच यॉर्क. सुलात वीकेंडला खूप गर्दी होते, जमलं तर आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी पहिली टूर घ्या. यॉर्कच्या वरच्या गच्चीतून गंगापूरचं पाणी दिसतं, संध्याकाळी आईबाबांना तिथे बसवा. यॉर्क हे नाव मालकांच्या तीन मुलांच्या आद्याक्षरांचं आहे, २०२१ मध्ये ती सुलाने घेतली. स्पार्कलिंग कशी करतात हे बघायचं असेल तर शांदोन ही वायनरी दिंडोरीला आहे, पण दोन दिवसांत ते ओढाताणीचं होईल.

एक चूक आम्ही केली ती तुम्ही करू नका, म्हणजे वाचणाऱ्या सगळ्यांसाठीच. २६ जानेवारीच्या लाँग वीकेंडला गेलो, सहा जणं, सगळं बुक, आणि पोचल्यावर कळलं ड्राय डे, टेस्टिंग बंद. बुकिंग घेणाऱ्याने फोनवर एका शब्दाने सांगितलं नाही. निवडणुका असल्या तरी तारीख बघून घ्या.

गाडी न्याल तर ड्रायव्हर करा. चाखायचं तुम्हाला आणि कसाऱ्याचा रस्ता पण तुम्हालाच, असं नको. आता समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळून बोगद्यातून जाता येतं, बाबांची पाठ वाचेल.

कल्याण_जंक्शन
ट्रेनच चांगली वाटते मला. तपोवन सीएसएमटीहून सकाळी सव्वासहाच्या आसपास सुटते, ठाण्याला चढा, दहा-साडेदहापर्यंत नाशिक रोड, संध्याकाळी परतीला पण तीच. शिर्डीची वंदे भारत पण सकाळचीच आहे. पंचवटीचा विचार करू नका, ती मुंबईहून संध्याकाळी सुटते. नाशिक रोडवरून दोन दिवसांसाठी टॅक्सी ठरवा कारण गंगापूर रोडला रात्री रिक्षा मिळत नाही. आणि सकाळी उपाशीपोटी वायनरीत जाऊ नका, आधी मिसळ, साधनाची चुलीवरची गंगापूरच्याच बाजूला आहे.

मुलुंडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला, शिलालेखाचं ऐकून लगेच कपाटातून जुन्या वह्या काढल्या. ठरलं असं की ठाण्याहून तपोवन, पहिला दिवस पांडवलेणी आणि काळाराम मंदिर, १९३० चा सत्याग्रह तिथेच झाला म्हणून बाबांना जायचंच आहे, दुसऱ्या दिवशी सुलाची सकाळची टूर आणि संध्याकाळी यॉर्क. व्हॅलोने उलट्या दिशेला पडतं म्हणून पुढच्या वेळी.
@निफाडची लेक, आई विचारतेय की वाइनच्या द्राक्षाची काडी मुलुंडच्या गॅलरीत कुंडीत लावली तर जगेल का?

निफाडची लेक
जगेल, पण ऊन कमीतकमी सहा तास हवं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात पानांवर डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, फार येतो. काडी आत्ता नको, ऑक्टोबरात गोडी छाटणीला आमच्याकडे ढिगाने निघतात, मेसेज करा, दिवाळीला येताना आईंसाठी चार चांगल्या काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून आणते.