मदत हवी आहे : शिराळ्याची कोवळी फळे पिवळी पडून गळतात

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या आमच्या परसात मृगाच्या पावसावर शिराळी, पडवळ आणि काकडीच्या बिया लावल्या होत्या. मांडवावर वेल उत्तम पसरले आहेत, पडवळही बऱ्यापैकी लागते आहे. परंतु शिराळ्याची बोटभर फळे टोकाकडून पिवळी पडतात, मऊ होतात आणि गळून जातात.

गळलेली काही फळे उभी चिरून पाहिली. काहींच्या सालीवर डिंकासारखा थेंब आणि आत पांढऱ्या अळ्या होत्या, म्हणजे ती फळमाशीच असावी; उरलेली आतून स्वच्छ, तरीही सुकलेली होती. शिराळ्याची फुले संध्याकाळी उमलतात आणि नेमका त्याच वेळी आमच्याकडे पाऊस झोडपतो, त्यामुळे या दुसऱ्या फळांत परागीभवनच होत नसावे असा माझा कयास आहे. नर फुलातील पराग मादी फुलावर हाताने लावायचे झाल्यास, भर पावसात ते कोणी कसे साधले आहे?

फळमाशीसाठी क्यू ल्युअरचा (नर माश्यांना ओढून घेणाऱ्या गंधाचा) सापळा लावावा असे वाचले आहे (आंब्याला वापरतात तो मिथाइल युजेनॉलचा सापळा या माशीला चालत नाही), पण लहानशा परसात एक सापळा पुरतो का, आणि तो मांडवाखाली टांगावा की थोडा दूर? किडकी फळे पुरण्याऐवजी बंद पिशवीत उन्हात ठेवावीत, तर श्रावणात ऊन कुठून आणायचे?

दिवाळीनंतर याच मांडवावर वाल चढवायचा आहे. जमिनीतील फळमाशीचे कोष मरण्यासाठी त्याआधी माती उकरून ठेवणे पुरेसे होईल का? कोकणातील अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.