वॉटरमार्क असलेला फोटो फ्लेक्सवर छापायचा का? गिऱ्हाईक म्हणतंय गूगलवरनं घेतलाय

फ्लेक्स_आणि_पत्रिका:

नमस्कार मंडळी, सोलापुरात आपलं फ्लेक्स प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे, जोडीला लग्नपत्रिका, बिलबुकं आणि डिसेंबर आला की कॅलेंडर. आता गड्डा (आमच्याकडची सिद्धेश्वराची जानेवारीतली यात्रा) जवळ आलाय म्हणून एका मंडळाची ऑर्डर आलीय, दहा बाय वीसचे शुभेच्छा फलक, मागं नंदीध्वजांचा (यात्रेच्या मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्यांचा) मोठा फोटो आणि पुढं पदाधिकाऱ्यांची मुंडकी, तुम्हाला माहितीच आहे कसं असतं ते. फोटो त्यांनीच व्हॉट्सॲपवर पाठवला, संमती कट्ट्यावरच्या अक्षता सोहळ्याचा, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा, लै भारी आहे, सातही नंदीध्वज एका फ्रेममध्ये, पण खाली कोपऱ्यात फोटोग्राफरच्या नावाचा वॉटरमार्क आहे. मंडळाचा पोरगा म्हणतो तेवढं फोटोशॉपमधनं पुसून टाका की ओ, गूगलवरचं सगळं फ्री असतं. आमचा ऑपरेटर म्हणतो पुसायची पण गरज नाही, नावाचा भाग क्रॉप करू, फोटो उलटा फिरवू, वरनं जरा भगवा टोन मारू, ३० टक्के बदल केला की फोटो आपला होतो. हे ३० टक्के कुठनं आलं देव जाणे पण लाइनमधले सगळे हेच सांगतात.

विचारायचं असं की फोटो गिऱ्हाईकानं दिला, मी फक्त छापला, मग उद्या भानगड झाली तर ती कुणाच्या गळ्यात? ते फेअर यूज म्हणून काहीतरी असतं म्हणतात त्यात हे बसतं का, कारण देवाचं काम आहे, मंडळ काय यातनं कमवत नाही. आणि कॅलेंडरला लक्ष्मी, सरस्वतीची चित्रं लागतात ती कुठनं घ्यायची? नक्की माहिती असेल तरच सांगा, अंदाजपंचे नको.

पूर्वभागवाला:

एवढं कोण बघतंय बे. सात रस्त्यापासून विजापूर वेशीपर्यंत जेवढे डिजिटल फलक लागतात त्यातल्या किती जणांनी फोटोची परवानगी घेतली असंल सांग बघू. फलक दहा दिवसांत उतरतो, नंतर त्याची ताडपत्री होऊन कुणाच्या तरी पत्र्यावर जाते. छाप आणि मोकळा हो.

कोर्टाच्या_पायरीवर:

कुणी बघत नाही हे खरं असेल, पण प्रश्न कायद्याचा विचारलाय म्हणून कायद्याचं सांगतो. मी वकिली करतो, पण हे सर्वसाधारण माहिती म्हणून घ्या, नोटीस आली तर कागद घेऊन कुणाला तरी प्रत्यक्ष भेटा.

पहिलं म्हणजे गूगल फक्त शोधून दाखवतं, फोटो गूगलचा नसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे ज्यानं तो काढला तो माणूस. त्यानं कुठं नोंदणी केलेली नसली तरी हक्क असतोच, नोंदणी ऐच्छिक आहे. आणि हा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. वॉटरमार्क नसता तरी हेच, नाव लिहिलेलं नाही म्हणजे मालक नाही असं होत नाही.

आता तुमचा मुख्य मुद्दा. "मी फक्त छापला" हे कारण चालत नाही, कारण प्रत काढणं हाच तर मालकाचा हक्क आहे आणि प्रत तुमच्या मशीनवर निघतीय. मंडळ जबाबदार आहेच, पण तुम्ही सुटत नाही. एरवी, माहीत नव्हतं आणि संशय यायचं काही कारणही नव्हतं हे सिद्ध करता आलं तर ५५ व्या कलमात थोडी सवलत आहे, म्हणजे नुकसानभरपाई मागता येत नाही, मनाई हुकूम आणि झालेला नफा एवढ्यावर येतं. पण कोपऱ्यात नाव छापलेलं असताना माहीत नव्हतं कसं म्हणणार?

वॉटरमार्क पुसायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. २०१२ च्या दुरुस्तीत ६५बी कलम आलंय, कर्त्याची ओळख सांगणारी माहिती हक्क नसताना जाणूनबुजून काढली किंवा बदलली तर तो वेगळाच गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. नाव क्रॉप करणं मला तरी त्यातलंच वाटतं. मूळ उल्लंघनाला ६३ वं कलम आहे, सहा महिने ते तीन वर्षं आणि ५० हजार ते २ लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं, पण तुमचं दुकान आहे, तुम्ही चौरस फुटावर पैसे घेताय. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलंय, म्हणजे पोलिस थेट एफआयआर घेऊ शकतात. रोज असं घडतं असं मी म्हणत नाही, बहुतेक प्रकरणं नोटीस आणि तडजोडीवर मिटतात, पण पूर्वभागवाले दादा म्हणतात तितकं ते हलकंही नाही.

३० टक्क्यांचं म्हणाल तर असा आकडा कायद्यात कुठंच नाही. उलटा फिरवला, टोन मारला तरी फोटो ओळखू येतोय ना, मग प्रत ती प्रतच.

फेअर यूज हा अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यातला प्रकार, तिथं वापराचा हेतू, मूळ कलाकृती कसली आहे, किती भाग घेतला, तिच्या बाजारावर परिणाम काय असं चार बाजूंनी कोर्ट बघतं. आपल्याकडं ५२ व्या कलमात फेअर डीलिंग आहे आणि त्याचे हेतू ठरलेले आहेत, खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन. शुभेच्छा फलक यातल्या कशात कोंबणार? देवाचं काम म्हणाल तर त्याच कलमात धार्मिक समारंभाची सूट आहे खरी, लग्नाच्या वरातीलासुद्धा आहे, पण ती गाणी, नाटक, संगीत वाजवण्या-सादर करण्याची. फोटोचा त्याच्याशी संबंध नाही. लोक ती सूट सगळ्याला लावतात आणि तिथंच गडबड होते.

लेन्स_आणि_शेंगाचटणी:

तो फोटो माझा नाही (असता तर आत्ता दुकानात येऊन बसलो असतो 😄) पण मी पण गड्ड्याचे फोटो काढतो म्हणून लिहितो. सातही नंदीध्वज एका फ्रेममध्ये घ्यायचे म्हणजे कट्ट्याच्या आसपास कुणाच्या तरी गच्चीवर सकाळीच जागा धरावी लागते, मालकाची मनधरणी करावी लागते, आणि तो क्षण काही मिनिटांचा असतो, उन्हाचं काय, गर्दीचं काय, अक्षता पडताना सगळे हात वर असतात. पुढच्या वर्षी तोच फोटो चौकातल्या फलकावर बघायचा, खाली आपलं नाव पुसलेलं आणि त्याच जागी कुठल्या तरी भाऊंचं डोकं. काय वाटत असंल सांगा.

खरं सांगू का, विचारलं तर आमच्यातले बरेच जण मंडळाला फुकट देतात, फक्त नाव ठेवा म्हणतात. सराफ दुकानाची किंवा बिल्डरची जाहिरात असेल तर पैसे मागतो, त्यात चुकीचं काय. वॉटरमार्कवर नाव आहे म्हणजे तुम्हाला माणूस शोधायचा पण त्रास नाही, नाव टाका, इन्स्टाला सापडेल, मेसेज करा.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी एक धंद्याचं सांगतो. व्हॉट्सॲपवरनं आलेला फोटो दाबलेला असतो, तो दहा बाय वीसला ताणला की नंदीध्वजाच्या जागी चौकडे दिसतात. मूळ फाइल फोटोग्राफरकडंच असते. तुम्ही विचारलंत तर छपाई पण चांगली होईल.

क्रेडिट: गूगल असं लिहिणारे बघितले की डोकं फिरतं राव. नुसतं माझं नाव टाकलं आणि विचारलं नाही तरी ती परवानगी होत नाही, पण निदान नाव तरी असतं.

अक्कलकोट_रोड:

थोडं वेगळं विचारतो, विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या लग्नाचे फोटो ज्या स्टुडिओकडनं काढून घेतले त्यानं आमचा जोडीचा फोटो न विचारता स्वतःच्या बोर्डावर लावलाय, वर म्हणतो फोटोग्राफर मी आहे तर हक्क माझा. वकीलसाहेब वर म्हणाले की काढणारा तोच कर्ता, मग तो बरोबर आहे का?

कोर्टाच्या_पायरीवर:

@अक्कलकोट_रोड कर्ता तो, पण मालक तुम्ही. १७ व्या कलमात अपवाद आहे, मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरनं फोटो काढला असेल तर उलटा करार नसल्यास पहिला मालक पैसे देणारा. तुम्ही सही केलेली पावती बघा, मागं बारीक अक्षरात जाहिरातीची परवानगी घेतलेली असते कधी कधी. तसं काही नसेल तर सरळ काढून टाक म्हणा, लेखी द्या.

मूळ धागाकर्त्यालाही हे उपयोगी आहे. फलकावरचे पदाधिकाऱ्यांचे फोटो त्यांनी स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेले असतील तर तिथं सहसा अडचण नाही. अडचण पाठीमागच्या नंदीध्वजांची आहे.

फळा_ते_प्रोजेक्टर:

मी शिक्षिका आहे, आम्हाला शाळेत नेहमी भीती घालतात की पीपीटीमध्ये नेटवरची चित्रं वापरू नका. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्यानं प्रत काढली तर ५२ व्या कलमात त्याला वेगळी सूट आहे, दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपीच्या खटल्यात २०१६ ला हायकोर्टानं त्याच सूटीचा बऱ्यापैकी मोकळा अर्थ लावला होता. तेव्हा वर्गात दाखवताना मी घाबरत नाही. पण तेच चित्र शाळेच्या प्रवेशाच्या जाहिरातीत घालायचं म्हटलं की मी नाही म्हणते, तिथं शिकवणं कुठं आलं? आमच्या व्यवस्थापनाला हा फरक पटवताना नाकी नऊ येतात.

जुनी_दिनदर्शिका:

कॅलेंडरच्या प्रश्नाला कुणीच हात लावला नाही म्हणून मी लिहितो, माझा आवडता विषय आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

देव कुणाच्या मालकीचा नाही पण देवाचं चित्र ज्यानं काढलं त्याचं असतं. लक्ष्मी-सरस्वती पाहिजे असेल तर डोळे झाकून राजा रविवर्मा घ्या. ते १९०६ ला गेले, त्यांच्या चित्रांचा हक्क कधीच संपला. त्यांचा छापखाना आधी मुंबईत निघाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथनं निघालेल्या ओलिओग्राफमुळं (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील प्रतींमुळं) तर घराघरात देव गेले. विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियावाल्यांचा मोकळ्या फोटो-चित्रांचा साठा) त्यांच्या चित्रांच्या मोठ्या फाइली मिळतात. फक्त एक बघा, कुणीतरी हल्ली नव्यानं रंगवून, मागं किरणं बिरणं घालून काढलेलं रविवर्मा छाप चित्र वेगळं, त्यात नव्या माणसाची कलाकारी आहे, ते घेऊ नका.

पण सगळीच जुनी वाटणारी चित्रं मोकळी नाहीत, इथं प्रेसवाले हमखास फसतात. दीनानाथ दलाल १९७१ ला गेले म्हणजे त्यांच्या चित्रांचा हक्क २०३१ संपेपर्यंत. रघुवीर मुळगावकर १९७६, म्हणजे २०३६ पर्यंत. आपल्या शेजारच्या गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित तर १९९३ ला गेले, त्यांची पौराणिक चित्रं २०५३ पर्यंत हात लावायची नाहीत. चित्र पिवळं पडलंय म्हणून फ्री असं समजू नका, चित्रकार कधी गेला ते बघा.

नवे फोटो पाहिजे असतील तर कॉमन्सवर सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला यांचे बरेच आहेत, पण प्रत्येक फोटोच्या पानावर खाली लायसन्स लिहिलेलं असतं ते वाचायचं. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, फोटो कुठल्या अटीवर वापरायचा ते सांगणारं तयार लायसन्स. सीसी झीरो असेल तर कसलीच अट नाही, विषयच मिटला. सीसी बाय असेल तर नाव आणि लायसन्स लिहा आणि धंद्यालाही वापरा. बाय-एसए असेल तर तुम्ही बदल करून केलेलं डिझाइनही त्याच अटीवर मोकळं सोडावं लागतं. एनसी (म्हणजे धंद्यासाठी नको) लिहिलेलं दिसलं तर तुमच्यासारख्या पैसे घेऊन छापणाऱ्यानं लांबच राहावं, आणि एनडी (म्हणजे बदल करायचा नाही) असेल तर त्यावर मुंडकी चिकटवता येत नाहीत. कॉमन्सवर हे शेवटचे दोन घेतच नाहीत, पण बाकीच्या साइटींवर भरपूर दिसतात. गूगलच्या इमेज सर्चमध्ये पण टूल्समध्ये युसेज राइट्स म्हणून फिल्टर आहे, क्रिएटिव्ह कॉमन्स निवडलं की गाळून येतं, तरी मूळ पानावर जाऊन खात्री करायची.

पूर्वभागवाला:

एवढं कशाला, एआयला सांग नंदीध्वज काढून दे, दोन मिनिटाचं काम. ना फोटोग्राफर ना कॉपीराइट.

लेन्स_आणि_शेंगाचटणी:

काढून बघ आणि इथं टाक 😂 मी बघितलंय, कावड येते, नाहीतर गुढी येते, एकदा तर चक्क तंबूचा बांबू. बाळीवेसच्या माणसाला असला फलक दाखव, काय ऐकवतील ते लिहिता येणार नाही इथं.

फ्लेक्स_आणि_पत्रिका:

सगळ्यांचे आभार, खरंच इतकं सविस्तर कुणी सांगेल वाटलं नव्हतं. त्या फोटोग्राफरला इन्स्टावर मेसेज केला, त्यांचा फोन पण आला. फोटो द्यायला तयार आहेत, मंडळाकडनं पैसे नकोत, फक्त नाव वाचता येईल एवढं पाहिजे आणि त्या फलकाशिवाय दुसरीकडं वापरायचा नाही. मोठी फाइल मेल करतो म्हणाले. मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं तर ते म्हणतात मग त्यांचं नाव शुभेच्छुकांच्या यादीत टाका, पाहिजे तर त्यांचा पण फोटो लावू 🙏 समजावून सांगता सांगता अर्धा तास गेला.

कॅलेंडरला रविवर्मा फायनल. आता शेवटचं, वकीलसाहेब, इथनं पुढं ऑर्डर घेताना गिऱ्हाईकाकडनं काही लिहून घेतलं तर चालतं का?

कोर्टाच्या_पायरीवर:

चालतं, घ्याच. त्यानं फोटोग्राफरच्या दाव्यातनं तुम्ही सुटणार नाही, पण तुम्हाला भरावे लागलेले पैसे गिऱ्हाईकाकडनं वसूल करायला आधार होतो. ऑर्डर बुकात एवढी ओळ छापून घ्या: "दिलेले फोटो व चित्रे वापरण्याचा हक्क आमच्याकडे आहे, त्याबाबत तक्रार आल्यास होणारा खर्च व नुकसान आम्ही भरून देऊ." खाली नाव, तारीख, सही. सही ॲडव्हान्स घेतानाच करून घ्या, फलक घेऊन जायच्या दिवशी कुणी थांबत नाही. आणि फोटोग्राफरची परवानगी फोनवर मिळालीय ती व्हॉट्सॲपवर दोन ओळीत लिहून मागा, कुठल्या फलकासाठी आणि कुठल्या वर्षासाठी ते पण त्यात येऊ द्या, नाहीतर पुढच्या गड्ड्याला मंडळ तीच फाइल दुसऱ्या प्रेसला देईल.