'गांधी'नंतरचा बेन किंग्सले कुठून बघू?

नौपाड्याची_मुलगी:
मी ठाण्यात कॉलेजच्या एकांकिका करते. परवा तालमीत सर म्हणाले की एका भूमिकेचा शिक्का बसला की नट तिथेच अडकतो, तेव्हापासून डोक्यात बेन किंग्सलेच घोळतोय, कारण मला तो फक्त गांधी म्हणूनच माहीत आहे, टीव्हीवर लागला की आजी हात जोडायची. पुढे त्याने काय केलं?

वाशी_सेक्टर१७:
अगं 'सेक्सी बीस्ट' बघ, 2000 चा! लंडनचा गुंड डॉन लोगन, स्पेनमध्ये निवांत बसलेल्या जुन्या साथीदाराला परत चोरीला न्यायला येतो आणि असला घाणेरडा बोलतो की अंगावर काटा येतो. गांधींमध्ये जी स्थिर नजर होती ना, तीच इथे भीती घालते. ऑस्कर नॉमिनेशन होतं त्याला. मग 'शिंडलर्स लिस्ट'मधला हिशेबनीस स्टर्न बघ, किती कमी बोलतो आणि किती कळतं.

कळवा_खारेगाव:
नट भारीच, पण नाव बदललं ते मला खटकतं. मूळचा कृष्णा भानजी, वडील गुजराती वंशाचे डॉक्टर.

वाशी_सेक्टर१७:
नाही हो दादा, असं नका म्हणू. जन्म 1943 चा, यॉर्कशायरचा, त्या काळात तिकडे कृष्णा नावाच्या पोराला कोण काम देणार? नाव बदलल्यावर कामं मिळायला लागली असं तो स्वतःच सांगतो. आजोबा झांझिबारला लवंगांचे व्यापारी, त्यांना 'किंग क्लोव्ह' म्हणजे लवंगांचा राजा म्हणायचे, त्यावरूनच किंग्सले आलं म्हणतात, म्हणजे घरचं काही सोडलेलं नाही. आणि 1984 ला आपण पद्मश्री दिलीच की.

गडकरी_कट्टा:
एकांकिका करतेस म्हणून सांगतो, तो आधी नाटकवाला. 1967 पासून रॉयल शेक्सपिअर कंपनीत, 1975 ला हॅम्लेट केला, 'गांधी' आला 1982 ला. म्हणजे पंधरा वर्षांची तालीम पाठीशी होती, म्हणून शिक्का टिकला नाही असं माझं मत. आणि त्याच्यासमोर कस्तुरबा कोण, तर आपल्या रोहिणी हट्टंगडी, बाफ्टा, म्हणजे ब्रिटनचं सिनेमाचं मोठं पारितोषिक, मिळवलं त्यांनी! गोखले म्हणजे डॉ. लागू. परत बघशील तेव्हा या दोघांकडेही नीट बघ.

नौपाड्याची_मुलगी:
डॉ. लागू आहेत त्यात?? इतक्यांदा बघून लक्षातच आलं नाही. शनिवारी तालीम नाही, आधी गोखलेंचा सीन मग डॉन लोगन. आजीला फक्त पहिलाच दाखवेन.