भीती वाटणं म्हणजे अविश्वास नव्हे
काही जण म्हणतात, देवावर खरा विश्वास असेल तर भीती वाटायलाच नको. मला हे पटत नाही. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू म्हणाला की त्याचा जीव मरणप्राय खिन्न झालाय. 'हे दुःख टळो, पण तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' अशी प्रार्थना त्यानं तीनदा केली. शिष्य? झोपले होते! बायबलमधलं ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी बाहेरच्या बाकावर बसून मी येशूनं शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' म्हणत होतो. तिच्यातल्या 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीपाशी दर वेळी अडकायचो. पुन्हा पहिल्यापासून सुरू. हात थरथरत होते, पण सही मागायला आले तेव्हा ती करता आली. मला मिळालेलं धैर्य एवढंच, आणि तेवढं पुरलं.